जेवणाआधीचं डोकं दुखणं

रविवार, ७ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. ऑफिसातून आणलेल्या जुन्या शेड-कार्डांच्या खोक्यात ठेवणार आहे. धुळीमुळे आमची ही त्या खोक्याला हात लावत नाही.

कारण तसंच घडलं. चर्चमधली भक्ती संपल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, मंडळीतली तेरा ते सतरा वयाची मुलं हातातून निसटायला लागली आहेत. रविवारी चर्चमध्ये एक आणि सोमवारी शाळेत भलतीच. मित्रमैत्रिणींपुढे आपण ख्रिस्ती आहोत हे सांगायलासुद्धा लाजतात. त्यांना कोणीतरी खंबीर माणूस हवा. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

हो म्हटलं. नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही.

वर्गाला नाव मीच सुचवलं, 'ताठ कणा'. पाळकसाहेब खूश. घरी हिला सांगितलं तर काकडी चिरता चिरता तिने विचारलं, शिकवणार कोण? मी म्हटलं, मी. तिने दुसरी काकडी घेतली.

संकल्प: रोज साडेपाचला उठून प्रार्थना. वर्गाची तयारी बुधवारपर्यंत पूर्ण. ऑफिसात सुद्धा आता जरा... ऑफिसचं सावकाश लिहीन.

सोमवार, ८ सप्टेंबर

साडेपाचचा गजर वाजला. सातला उठलो. प्रार्थना बसमध्ये केली, डोळे उघडे ठेवून, नाहीतर माझा स्टॉप जातो.

ऑफिसचं लिहून टाकतो. मी रंगाच्या कंपनीत शेड-मॅचिंगला आहे. गिऱ्हाईक काय वाटेल ते आणतं. पडद्याचा तुकडा, फुटकी फरशी. एक बाई तर नेलपॉलिश लावलेलं बोटच पुढे करून म्हणाल्या, बेडरूम ह्या रंगाची हवी. मी टिंट मोजायचं, कार्डावर फासायचं, वाळवायचं, तीन वेगवेगळ्या दिव्यांखाली धरून बघायचं. जुळेपर्यंत. ह्या कामात माझा हात धरणारा अजून कंपनीत आलेला नाही.

लंचला मी, साहेब आणि पर्चेसवाला एका टेबलावर असतो. साहेब मोकळे गृहस्थ. फक्त देवाधर्माची माणसं त्यांना झेपत नाहीत. ज्याला प्रार्थना लागते त्याचा फॉर्म्युल्यावर विश्वास नसतो, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यावर पर्चेसवाला हसतो. टेबलावर दोघं हसत असताना तिसऱ्याने तोंड पाडून बसणं बरं दिसत नाही. तेव्हा मीही हसतो.

पण जेवणाआधीची उपकारस्तुतीची प्रार्थना मी एक दिवस चुकवलेली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. पद्धत तेवढी सुटसुटीत केली आहे. डबा उघडला की कोपर टेबलावर टेकायचं, अंगठा आणि दोन बोटांनी कपाळ चोळायचं. त्यात डोळे आपोआप मिटतात. तेवढ्यात उरकायचं. 'आमेन'च्या जागी मी हलकंच 'हंऽ' म्हणतो. देवाला मन दिसतं, साहेबांना कपाळ दिसतं. कोणाचं काही बिघडत नाही.

पर्चेसवाल्याने आज पुन्हा विचारलं, डोकं दुखतंय का? मी म्हटलं, जरासं. हे खोटं नव्हे. सकाळपासून थोडं जड होतंच.

रविवार, १४ सप्टेंबर

पहिला वर्ग. हजेरी तीन. एक लांब्या, जो दारातून येताना अजूनही मान वाकवायला विसरतो. एक हेडफोन, म्हणजे गळ्यातले हेडफोन देवासमोरसुद्धा न काढणारी मुलगी. आणि तिसरी आमची लेक. ती पंधरा वर्षांची आहे आणि बापाचा वर्ग म्हणून पहिल्या बाकावर बसली होती.

मी बोललो. माझ्या मते चांगलाच बोललो. मित्रांच्या दबावाला बळी पडणारा माणूस हा माणूसच नव्हे, इथपर्यंत गेलो. लांब्याने विचारलं, पण सर, नक्की करायचं काय? मुलांना हल्ली सगळं तयार हवं असतं. त्या क्षणी जे सुचलं ते सांगितलं. शाळेच्या कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर, हात जोडून आणि डोळे मिटून, जेवणाआधी पूर्ण उपकारस्तुती करायची. रोज.

हेडफोन म्हणाली, मनातल्या मनात केली तर नाही का चालणार? देवाला मन दिसतंच ना.

मी टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, ही पळवाट आहे! वर्ग दचकला. मीही जरा दचकलो.

लेकीने विचारलं, मोठी माणसंही असंच करतात ना, पप्पा? कामाच्या ठिकाणी वगैरे? मी म्हटलं, अर्थात. तिने मान डोलावली. तिचा माझ्यावर फार विश्वास आहे. घरी येताना मी जरा मागे मागे चाललो.

सोमवार, १५ सप्टेंबर

लेकीने केली. पहिल्याच दिवशी. मैत्रिणींच्या भरल्या टेबलावर हात जोडले, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा समोरचा ज्यूसचा ग्लास गायब. सगळ्या फिदीफिदी हसत होत्या. तिची खास मैत्रीण तिला 'सिस्टर' म्हणाली आणि मग सगळ्याच म्हणायला लागल्या. ती हे हसत हसत सांगत होती. ग्लास नंतर परत मिळाला म्हणे, अर्धा.

मी शाब्बास म्हटलं, पाठ थोपटली.  

लांब्याने बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकून केली, असा त्याचा मेसेज आला. मी कळवलं, हे चालणार नाही, टेबलाच्या वर यायला हवं. हेडफोनने केलीच नाही आणि तसं सरळ कळवलं. तिच्याबद्दल काळजी वाटते.

माझ्या लंचबद्दल: साहेब आज मूडमध्ये होते. नेहमीच्या पद्धतीने उरकलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज हिच्याकडून कळलं. ही दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, तिथे लेकीच्या खास मैत्रिणीची आई दाढ दाखवायला आली होती. ती बोलता बोलता म्हणाली, तुमची मुलगी हल्ली एकटीच जेवते ना? आमची म्हणते, तिच्यासोबत बसलं की सगळे आपल्याकडे पण बघतात.

लेक मला काही बोललेली नाही. रोज विचारलं की म्हणते, केली पप्पा. मी वर्गाच्या वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण करतो.

हिने विचारलं, तिला म्हणू का, राहू दे म्हणून? मी म्हटलं, असं कसं, मग वर्गाचं काय? हे बोलल्यावर मला माझीच लाज वाटली, पण तोवर बोलून झालं होतं. पोरगी कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी डबा खाते आहे. माझ्या एका भाषणापायी. मी तिथे नाही, आणि मी जिथे आहे तिथे मी कपाळ चोळतो आहे.

संकल्प, आणि हा शेवटचा: उद्या लंचला मीही उघड करणार. हात जोडून. पूर्ण. लेक तिकडे करते, बाप इकडे करेल. साहेब काय गिळणार आहेत का?

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज परिस्थिती अनुकूल नव्हती. टेबलावर पर्चेसवाल्याने नव्या सप्लायरचा माणूस आणून बसवला होता. परक्या माणसाला पहिल्याच भेटीत अवघडल्यासारखं होऊ नये. हात जोडले होते, पण मग त्यांचं काय करावं ते सुचेना, म्हणून एकमेकांवर चोळले आणि म्हटलं, थंडी आहे जरा. पर्चेसवाल्याने उठून एसी बंद केला. बाकीचं जेवण आम्ही सगळ्यांनी घाम पुसत केलं.

कपाळ चोळायचंही राहून गेलं. म्हणजे आज मुळातच झाली नाही. एक दिवसही चुकवलेली नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडायला हवं.

जाता जाता साहेबांनी विचारलं, रविवारी सकाळी काय करता? मी म्हटलं, विशेष काही नाही. ते म्हणाले, मग नऊला बॅडमिंटनला या, डबल्सला एक माणूस कमी पडतोय. मी म्हटलं, वा, अगदी आनंदाने.

'विशेष काही नाही' हे तोंडातून कसं गेलं ते अजून कळत नाही. मंडळीतली दीडशे माणसं, पाळकसाहेब, वर्ग, लेक. विशेष काही नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

वर्गाचा आजचा विषय मी आधीच जाहीर केला होता: 'नाही म्हणायला शिका'. टिपणं लेकीच्या हाती पाठवली. पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं की ऑफिसचं तातडीचं निघालं. तसं पाहिलं तर कोर्टवर सगळे ऑफिसचेच होते.

दोन्ही गेम हरलो. साहेब म्हणाले, तुमचं लक्ष कुठे आहे?

घरी आलो तर लेकीचा चेहरा फुललेला. वर्गाला सात जणं आली! तिनेच वर्ग घेतला. माझी टिपणं तिने वाचली नाहीत म्हणे, अक्षर लागलं नाही. मग तिने नुसतं सांगितलं, एकटीने जेवताना कसं वाटतं ते. पहिल्या दिवशी रडू आलं, दुसऱ्या दिवशी राग आला, आणि आता प्रार्थना करताना आधी त्या मैत्रिणींसाठीच करते, म्हणजे राग कमी येतो. ती हे आम्हालाही पहिल्यांदाच सांगत होती. लांब्या तिच्याच शाळेत आहे. तो म्हणाला, उद्यापासून मी तुझ्या टेबलावर येतो. हेडफोनने हेडफोन काढून बाकावर ठेवले होते.

पाळकसाहेबांचा फोन आला की तुमच्या तयारीचं फळ दिसलं. मी थँक्यू म्हटलं.

लेकीने विचारलं, पप्पा, काम झालं का? झालं, म्हटलं. फार दमलेले दिसता, म्हणाली, आणि माझ्यासाठी सरबत करून आणलं. 

खेळायचे बूट बाल्कनीत वाळत घातले होते. हिने ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मोजे उचलून मशीनमध्ये टाकले. काही बोलली असती तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.

बुधवार, २४ सप्टेंबर

संकट. पर्चेसवाल्याने टेबलावर सहज म्हटलं की हे नेहमी मिसेसच्या हातच्या चिकनचं कौतुक करतात, कधी बोलवत नाहीत. साहेब म्हणाले, शनिवारी मी मोकळा आहे. मी म्हटलं, या ना!

म्हणजे दोघं शनिवारी घरी. आमच्या घरात शिरल्या शिरल्या समोर क्रूस. त्याच्या खाली फ्रेममध्ये वचन. बाजूला लेकीचा चर्चमधल्या दृढीकरणविधीचा पांढऱ्या झग्यातला फोटो. एवढी वर्षं ऑफिसात मी गप्प राहिलो आहे म्हणजे मी काही लपवलं असं होत नाही. कोणी विचारलंच नाही. पण आता त्यांना वाटेल की लपवलं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

क्रूस पुसायला म्हणून भिंतीवरून काढला. खरंच धूळ होती. पुसून झाल्यावर तात्पुरता कपाटात ठेवला, टॉवेलांच्या मागे.

लेक टॉवेल घ्यायला गेली. क्रूस हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, अय्या पप्पा, पाहुण्यांसाठी चमकवत होता का? थांबा, मी पितळेचं पॉलिश लावते. अर्धा तास बसून घासला. आता तो असा चमकतो आहे की जिन्यातूनसुद्धा दिसेल.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. मी तिला म्हटलं, पोरगी गुणी आहे. ती म्हणाली, हो ना, कोणावर गेली कोण जाणे.

रविवार, २८ सप्टेंबर, सकाळी ६.४०

काल लिहिलं नाही. आज गजराच्या आधी जाग आली. लिहून टाकतो, सरळ, जसं झालं तसं.

साहेब आले. क्रूस पाहिला. म्हणाले, अरे, हे काय, तुम्ही ख्रिश्चन? एवढी वर्षं बोलला नाहीत! त्यांच्या आवाजात टर नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. किती सोपं होतं, हो म्हणायचं होतं फक्त. मी म्हणालो, हे सगळं मिसेसचं, ती जरा आहे त्यातली. ही तेव्हा स्वयंपाकघरात होती. लेक पाण्याचा ट्रे घेऊन माझ्या शेजारी उभी होती. तिला वाटलं मी गंमत करतोय. हसली.

टेबलावर बसलो. चिकन, बटाटे, भात, सॅलड. आमच्या घरी प्रार्थना मी म्हणतो. लेक उंच खुर्चीत बसायची तेव्हापासून, मी सुरुवात केल्याशिवाय तिने घास घेतलेला नाही. तिने हात जोडले आणि माझ्याकडे पाहिलं. हीसुद्धा वाढायचं थांबली. साहेबांनी चमचा उचलला होता, पर्चेसवाला बटाटा मोडत होता. मी तोंड उघडलं.  आणि मग माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.

मी कपाळ चोळलं. माझ्या स्वतःच्या घरात.

साहेब हिला म्हणाले, बघा, बघा, हेच ते. वहिनी, ह्यांचं डोकं एकदा दाखवून घ्या कुठेतरी. रोज, अगदी रोज, डबा उघडला की सुरू होतं. डोळे मिटून बसतात बिचारे. पर्चेसवाला म्हणाला, मी तर ड्रॉवरमध्ये गोळीच ठेवलेली असते ह्यांच्यासाठी.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. कळताना मी पाहिलं. कपाळावरचा माझा हात, साहेबांचं 'रोज', आणि 'मोठी माणसंही असंच करतात ना, पप्पा'. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. मी म्हणालो, चला, सुरू करा, गार होतंय.

तिचे जोडलेले हात काही क्षण तसेच राहिले. मग सुटले. तिने चमचा उचलला आणि जेवायला लागली.

जी पोरगी अख्ख्या कॅन्टीनपुढे वाकली नाही, तिला मी एका वाक्यात वाकवलं. ती माझ्या दबावाखाली जेवली. साहेब गेल्यावर ती गुड नाईट म्हणाली, नेहमीच्याच आवाजात. ही मात्र माझ्याशी बोललेली नाही.

आता वर्गाला निघायचं आहे. वर्गात सगळ्यांसमोर कबूल करणार. ठरलं.

रविवार, २८ सप्टेंबर, दुपारी

वर्गाला अकरा मुलं होती. अकरा मुलांसमोर असलं काही बोलणं त्यांच्या श्रद्धेला धक्का देणारं ठरलं असतं.

मी विचारलं, आठवडाभर एकदाही न चुकता कोणी कोणी केली? लांब्याने हात वर केला. हेडफोननेसुद्धा अर्धा केला. लेकीने केला नाही. लांब्या म्हणाला, अगं, तू तर रोज केलीस, मी शेजारीच होतो की. ती म्हणाली, काल घरी नाही केली. हेडफोनने विचारलं, का, कोणी हसलं? लेक म्हणाली, नाही, कोणीच हसलं नाही. बाकाकडे बघत होती. तिने माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मी सुटलो असतो.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, हरकत नाही, पुढच्या वेळी प्रयत्न कर.

हे मी माझ्या हाताने इथे लिहितो आहे, कारण हे मी खरोखर माझ्या तोंडाने बोललो.

सोमवार, २९ सप्टेंबर, संध्याकाळी ५

केली! उघड. ऑफिसात. टेबलाच्या वर.

डबा उघडला, हात जोडले, डोळे मिटले आणि लांबलचक केली. लेकीसाठी, हिच्यासाठी, पाळकसाहेबांसाठी. इतकी लांब केली की डोळ्यांत पाणी आलं. शेवटी 'आमेन' म्हणालो, पण 'आं' एवढंच बाहेर पडलं.

डोळे उघडले तर पर्चेसवाला एका हातात पाण्याचा ग्लास आणि दुसऱ्यात गोळी घेऊन उभा. साहेब माझी नाडी बघत होते. म्हणाले, आज फारच वाढलंय, डोळ्यांतून पाणी येतंय, हाफ डे टाका आणि घरी जा. मी म्हणायला हवं होतं की साहेब, मी प्रार्थना करत होतो. जिभेवर होतं. पण सगळं कॅन्टीन बघत होतं, आणि साहेब इतक्या मायेने वागत होते. मी गोळी घेतली. हाफ डे पण घेतला.

तरी पण केली, हे महत्त्वाचं. समोरच्यांना काय वाटलं हा त्यांचा प्रश्न.

सोमवार, २९ सप्टेंबर, रात्री ८

लेक शाळेतून आली तेव्हा मी घरी. तिने विचारलं, एवढ्या लवकर कसे? मी म्हटलं, आज ऑफिसात सगळ्यांसमोर प्रार्थना केली. तिचे डोळे मोठे झाले. मग काय झालं? मी म्हटलं, साहेबांनी घरी जायला सांगितलं.

ह्यात एक शब्द खोटा नाही.

तिने दप्तर टाकलं आणि येऊन मला घट्ट मिठी मारली. शनिवारनंतर पहिल्यांदाच. म्हणाली, प्रार्थनेसाठी घरी पाठवलं? पप्पा, तुम्ही घाबरला नाहीत? मी तिच्या केसांवरून हात फिरवला.  पोरगी परत आली होती, तिला पुन्हा दूर कसं ढकलायचं? मनात म्हटलं, उद्या सांगू.

साडेसातला साहेबांचा फोन आला. मी आंघोळीला गेलो होतो. हिने स्पीकरवर घेतला, कारण तिचे हात पिठाचे होते. लेक तिथेच होती. साहेब म्हणाले, वहिनी, डोकं उतरलं का? आज तर मी घाबरलोच, स्कॅन करून घ्या हवं तर, खर्चाचं कंपनी बघेल. अगदी देवमाणूस.

मी बाहेर आलो तर लेक तिच्या खोलीत. दार लोटलेलं. लावलेलं नाही, लोटलेलंच. मी दारापाशी उभा राहिलो. आत जावं तर काय सांगणार? ही म्हणाली, राहू द्या आता, अभ्यास करतेय ती. दोन दिवसांनी ही माझ्याशी नीट बोलली, आणि तेही कीव आल्यासारखं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

संकल्प नाही.

सकाळी पाळकसाहेबांचा फोन. वर्गाचं नाव आता दुसऱ्या मंडळ्यांतही पोचलं आहे. येत्या रविवारी भक्तीत सगळ्या आईवडिलांसमोर दहा मिनिटं साक्ष द्यायची, मुलांना कसं घडवलं त्याची. मी म्हणणार होतो की पाळकसाहेब, मी त्यातला नाही, दुसरं कोणीतरी बघा. हो म्हणालो.

संध्याकाळी लेक आनंदात घरी आली. खास मैत्रिणीशी गट्टी झाली आहे. पुन्हा त्याच भरल्या टेबलावर बसते. आता तिला कोणी सिस्टर म्हणत नाही. कुठल्याशा बाईंची नक्कल करून दाखवली, आम्ही दोघं पोट धरून हसलो. कितीतरी दिवसांनी घर घरासारखं वाटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. खरं तेच लिहितो, आधी मला बरंच वाटलं.

मग मी विचारलं, आणि प्रार्थना? ती म्हणाली, कॅन्टीनमध्ये नाही करत आता. मी विचारलं, लांब्या? म्हणाली, तो करतो अजून. त्याच टेबलावर. एकटाच असतो.

जेवायला बसलो. मला हात जोडवेनात. ताटाकडे बघत बसलो. ही भाताचा चमचा हातात धरून थांबली. एरवी अशा वेळी मी काहीतरी विषय काढून वेळ मारून नेतो, आज काही सुचलं नाही.

लेकीने हात जोडले होते. माझ्या कोपराला हळूच हात लावून म्हणाली, म्हणा ना पप्पा, इथे कोण बघतंय. बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच मला धीर देत होती.

मी म्हटली. दोघींनी आमेन म्हटलं, आणि लेकीने भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं.